उसना डोळा

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही मानली नाहीत तरी माझी हरकत नाही. ती खोटी निघाली असती तर सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असता.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. तिनं ती मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "एकदा सांगितलं ना? पुरे."

रात्रीची नाही हं. अमावास्या नाही, वडाचं झाड नाही. मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या शाळेची घंटा नुकतीच झालेली, रस्त्यावर पोरांचा नुसता कलकलाट.

मावशी एका फोटो स्टुडिओत कामाला होती. पुढे दुकान, मागे तिची खोली. खोलीला खिडकी नाही. भिंती राखाडी, पडद्यावरचा रंग नजरेला खोटा दिसू नये म्हणून. एक टेबल, एक कॉम्प्युटर, घरघरणारा पंखा आणि पाठीला उशी बांधलेली खुर्ची. त्या खुर्चीत तिनं अठरा वर्षं काढली.

काम काय? तर लोकांचे लाल डोळे काळे करायचे.

तुम्ही पाहिलं असेल. हॉलमध्ये अंधुक उजेडात फोटो काढला की नवरानवरी, काकाकाकू, सगळे कसे राक्षसासारखे लाल डोळे करून बघतात. अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी उघडलेली असते. फ्लॅशचा लखलखाट तिच्यातून थेट आत जातो, मागच्या पडद्यावर रक्ताच्या बारीक जाळीला भिडतो आणि लाल होऊन माघारी येतो. बस, एवढंच. त्यात भुताचं काही नाही.

टाळणंही सोपं असतं. खोलीतले दिवे लावा. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर धरू नका, छताकडे वळवा. माणसाला थेट कॅमेऱ्यात बघू देऊ नका. किंवा कॅमेऱ्यात ती सोय असते, खऱ्या फ्लॅशच्या आधी तीन वेळा बारीक मिचमिच होते, बाहुली आकसते, मग लख्खकन फोटो निघतो.

पण स्टुडिओचा मालक ऐकेल तर ना! भर उन्हातसुद्धा फ्लॅश मारायचा. म्हणून सगळी गल्ली त्याला चकमक म्हणायची. मावशीही तोंडावर म्हणायची.

"अहो चकमक, छताकडे वळवा की जरा तो फ्लॅश. साडेतीनशे फोटो आणलेत, त्यात सातशे डोळे लाल!"

"मावशी, मी वळवायला लागलो तर तुम्ही काय करणार? बसल्या बसल्या लोकर विणणार?"

"विणीन की. तुमच्यासाठी कानटोपी विणते. कानावरून खाली ओढली की तोंडपण बंद होईल अशी."

असं चालायचं.

तर डोळा लाल असला की मावशीला दोन क्षण लागायचे. गोल काढला, दाबलं, काळा. पण कधीकधी डोळा लाल नसायचाच. चष्म्याची चमक पडलेली असायची, नाहीतर एका डोळ्यात नुसताच पांढुरका उजेड. तिथे ते यंत्र चालत नाही. मग मावशी काय करायची, चेहऱ्याचा दुसरा, चांगला डोळा उचलायची, आरशातल्यासारखा उलटा करायची आणि बिघडलेल्या डोळ्यावर बसवायची. कडा पुसून घ्यायची. बघणाऱ्याला कळायची बिशाद नव्हती.

ह्याला ती 'उसना डोळा' म्हणायची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा.

तिला ह्या कामाचा अभिमान होता. तो का नसावा?

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी एक माणूस दुकानात आला. तिशी-पस्तिशीचा असेल. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एकेक घर चुकवून लावलेली. हातात एक छोटा फोटो.

चकमक बाहेर गेला होता. मावशीच पुढे आली.

"हा मोठा करून पाहिजे," तो म्हणाला. "भिंतीवर लावायला. तुमच्याकडचाच आहे. आमच्या चिऊच्या पहिल्या वाढदिवसाचा."

मावशीनं फोटो हातात घेतला. गोबरे गाल, पुढचे दोन दात, डोक्यावर कागदाची टोपी. काळेभोर डोळे.

"गोड आहे हो! आता मोठी झाली असेल."

त्यानं चुकलेलं एक बटण चाचपलं.

मग म्हणाला, "गेल्या महिन्यात गेली. तीन वर्षांची होती."

मावशीनं फोटो काउंटरवर ठेवला. अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"डोळ्यात गाठ होती. आत, मागच्या बाजूला. आम्हाला कळलं तेव्हा ती डोक्यापर्यंत गेली होती." तो सरळ बोलत होता, पाठ केल्यासारखा. बहुतेक फार जणांना सांगून झालं होतं. "डॉक्टरांनी विचारलं, लहानपणच्या एखाद्या फोटोत तुम्हाला डोळा पांढरा दिसला नाही का? फ्लॅशच्या फोटोत बाकीच्यांचा डोळा लाल येतो, गाठवाल्याचा पांढरा येतो म्हणाले. मांजरासारखा. वेळेवर बघितला असता तर एक डोळा गेला असता, पोर राहिली असती."

पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"फोनवरचे फोटो आम्ही नेहमी दिवसाउजेडी काढायचो. फ्लॅशचे म्हणजे तुम्ही काढलेले तेवढेच. रात्रभर सगळे पसरून बसलो. भिंग घेऊन बघितले. एकाही फोटोत काही नाही. दोन्ही डोळे छान." तो जरा हसल्यासारखा झाला. "बायकोला पटतच नाही. ती म्हणते, असणारच, मीच नीट बघितलं नाही. रोज स्वतःला बोल लावते. आई असून दिसलं नाही म्हणते."





मावशीला आठवलं. अकरा फोटो. डावा डोळा. लाल नव्हता म्हणून यंत्र चाललं नव्हतं, आणि ती पुटपुटली होती, "ह्या चकमकीच्या फ्लॅशला आग लागो." अकरा वेळा उजवा डोळा उचलला होता. अकरा वेळा उलटा करून बसवला होता.

आणि ते फोटो न्यायला आलेली चिऊची आई कौतुकानं म्हणाली होती, डोळे किती सुंदर आलेत हो.

"कधी मिळेल?" त्यानं विचारलं.

"गुरुवारी," मावशी म्हणाली.

एवढंच म्हणाली.

तो गेल्यावर ती आतल्या खोलीत आली. खुर्चीत बसली. फाइल शोधली. मूळ फोटो नव्हतेच. चकमक तीन महिन्यांनी मूळ फोटो पुसून टाकायचा, जागा खातात म्हणून. उरले होते ते तिनं दुरुस्त केलेले.

तिनं फोटो उघडला...

डावा डोळा पांढरा होता.

दुधाचा थेंब पडावा तसा. उजवा लाल, डावा पांढरा. उसना डोळा जागेवर नव्हता.

मावशी म्हणते, मला वाटलं, चुकून मूळ फोटो राहिला असेल. तिनं तारीख पाहिली. दुरुस्त केल्याचीच तारीख. नाव तेच. हाताला अठरा वर्षांची सवय. उजवा काळा केला, उचलला, उलटा केला, बसवला, जतन केला. बंद केला.

पुन्हा उघडला.

पांढरा.

आणि तेवढ्यात तो आवाज आला...

बारीक. डास कानाशी यावा इतका बारीक. मग चढत गेलेला, चढत चढत ऐकू येईनासा झालेला. टीईईं...

मावशीला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. फ्लॅश भरतानाचा आवाज. फोटो मारून झाला की जुना फ्लॅश असा कण्हत पुढच्या फोटोसाठी तयार होतो.

खोलीत फ्लॅश नव्हता. कॅमेराही नव्हता. दोन्ही चकमकीच्या खांद्यावर, चकमक दुसऱ्या गल्लीत एका हॉलवर.

आवाज थांबला. म्हणजे तयार झाला.

आता उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

तिच्या ध्यानात आलं, शाळेच्या पोरांचा कलकलाटही थांबलाय. पंखा फिरतोय, पण त्याची घरघर नाही. सगळं कसं... कुणीतरी फोटोसाठी 'हलू नका' म्हणावं तसं.

मग पंखा घरघरला. पोरं ओरडली. पडद्यावर चिऊ हसत होती. दोन्ही डोळे काळेभोर.

तुम्ही म्हणाल, इथेच तिनं उठून त्या माणसाच्या घरी जायला हवं होतं. मीही तेच म्हणाले. मावशीनं मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "तू गेली असतीस?"

गुरुवारी तिनं तो मोठा फोटो कागदात गुंडाळून त्या माणसाच्या हातात दिला. त्यानं उघडून पाहिला. डोळ्यांवरून बोट फिरवलं.

"छान केलंत," म्हणाला.

त्या दिवसानंतर मावशीला डोळ्यांत काहीतरी दिसायला लागलं.

कुणाचाही डोळा खूप मोठा करून पाहिलात ना, तर बाहुलीत समोरचं जग दिसतं. वाकडं, इवलंसं. हॉलचे दिवे दिसतात. फोटो काढणारा दिसतो. मावशीला चकमक हजारो डोळ्यांत दिसलेला होता, पोट पुढे, कोपर वर. ती त्याला चिडवायची, "चकमक, लोकांच्या डोळ्यात भरता हो तुम्ही!"

शुक्रवारी एका नवरीचा डोळा मोठा केला. चकमक होता. पोट पुढे, कोपर वर.

त्याच्या मागे दूर, दाराशी, एक ठिपका होता. उभा. लहानसा.

असेल कुणाचं पोर, मावशी म्हणाली स्वतःशी.

शनिवारी दुसरा हॉल, दुसरी माणसं. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात चकमक. आणि तो ठिपका... दार सोडून खोलीच्या मध्यावर आलेला.

सोमवारी एका शिक्षिकेचा निरोप समारंभ. तिच्या डोळ्यात चकमक, आणि त्याच्या गुडघ्याशी ते. आता डोकं वेगळं दिसत होतं. डोक्यावर काहीतरी टोकदार होतं.

कागदाची टोपी.

"चकमक," तिनं बाहेर येऊन विचारलं, "काल हॉलमध्ये तुमच्या पायाशी कुणी पोर होतं?"

"पोर? मोठ्या माणसांचा कार्यक्रम होता हो. एकसुद्धा पोर नव्हतं, म्हणून तर जेवण गरम मिळालं." मग तिच्याकडे बघून तो गंभीर झाला. "मावशी, बरं नाही का? चेहरा उतरलाय. दोन दिवस घरी बसा. मी ढकलतो कसंतरी."

"तुम्ही ढकलाल कसंतरी आणि मी निस्तरेन."

"मग बसा कुढत."

ती बसली. टोपीवाला ठिपका रोज दिसत राहिला. तिनं डोळे मोठे करून बघणंच सोडलं. लांबूनच गोल काढायचा, दाबायचं, पुढे. पण तो कण्हणारा आवाज मात्र रोज चारच्या सुमाराला यायचा. चढायचा. थांबायचा. आणि उजेड पडायचा नाही.

मावशी म्हणते, "आवाजाची भीती नाही गं वाटली. त्या न पडणाऱ्या उजेडाची वाटली. कुणीतरी बोट ठेवून थांबलंय. मी नीट बघेपर्यंत थांबणार आहे."

आता पिलूबद्दल सांगते.

पिलू म्हणजे मावशीची नात, माझ्या मावसबहिणीची मुलगी. तेव्हा दीड वर्षाची. जमेल ते सगळं तोंडात घालणारी आणि न जमेल त्यासाठी रडणारी. मावशीचा जीव की प्राण. मावशी तिला झोपवताना स्वतः जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची. ते मला अजून पाठ आहे:

*नीज गं माझे बाई, डोळ्यांचे दोन दिवे,*
*एक मिटला, एक जागा, त्याला गं काय हवे?*

पिलू खरंच एक डोळा आधी मिटायची. म्हणून ते कडवं. आम्हाला त्याचं हसू यायचं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी माझी बहीण पिलूला घेऊन स्टुडिओत आली. तिला कामावर अचानक बोलावलं होतं.

"आई, दोन तास सांभाळ. दूध पिशवीत आहे. आणि तिला कॉम्प्युटरची वायर चघळू देऊ नकोस."

"तू काय कमी चघळायचीस? जा."

मावशीनं पिलूला उशीच्या खुर्चीत बसवलं, समोर रिकामी डबी दिली. चकमक पुढे कॅमेरा पुसत बसला होता.

चारला थोडा वेळ असताना वीज गेली.

खिडकी नसलेली खोली, दार लोटलेलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

"पिलू, घाबरू नकोस हं. आजी आहे."

पिलू घाबरली नव्हती. डबी वाजवत होती. टकटक, टकटक.

मग डबी थांबली.

टीईईं...

आवाज चढला. खोलीतूनच. भिंतीच्या कोपऱ्यातून, जमिनीपासून दीडेक हातावरून. लहान मुलानं हातात काही धरलं तर ते जेवढं उंच असेल तेवढ्या उंचीवरून.

आणि पिलू हसली. खुदकन. अंधारात कोपऱ्याकडे बघून आपण ओळखीच्या माणसाला म्हणतो तसं म्हणाली...

"ताई."



आमच्या घरात पिलूपेक्षा मोठं मूल नव्हतं. ती कुणालाच ताई म्हणत नव्हती. तो शब्द तिला आम्ही शिकवलाच नव्हता.

मग मिचमिच झाली. एक. दोन. तीन. फोटोच्या आधी होते तशी, बारीक, निळसर.

पहिल्या मिचमिचीत मावशीला पिलूचा हात दिसला, कोपऱ्याकडे पुढे केलेला.

दुसरीत तिचा चेहरा.

तिसरीत तिचे डोळे. उजवा लाल.

डावा पांढरा.

पुन्हा अंधार. मोठा उजेड ह्याही वेळी पडला नाही.

मावशी म्हणते, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हिनं माझ्या नातीवर सूड उगवला. चिऊचा डोळा मी झाकला, म्हणून चिऊनं तो पिलूला दिला.

आणि दुसरं? दुसरं हे आलं की... भास असेल. वीज गेलेली, मी आठ दिवस झोपलेली नाही. डोळे मिटून घ्यावेत, वीज आली की दूध पाजावं, पोरीला आईच्या हवाली करावं. कुणालाही काही सांगू नये. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल. तुला गं कसं कळलं, असं लेक विचारेल. तेव्हा चिऊचं नाव घ्यावं लागेल.

"एवढा वेळ," मावशीनं मला चिमटीभर अंतर दाखवलं, "एवढाच वेळ मी ते गिळायच्या बेतात होते."

मग ती ओरडली, "चकमक! कॅमेरा आणा!"

"काय झालं हो? वीज येईल इतक्यात..."

"कॅमेरा आणा म्हणते ना!"

तो चाचपडत आला, फोनची बॅटरी लावून.

"बॅटरी बंद करा. अंधार पाहिजे. आणि ती मिचमिच बंद करा, डोळा आकसायला नको. फ्लॅश सरळ, लेन्सच्या वर. वळवू नका."

"मावशी, सगळे डोळे लाल येतील हो."

"येऊ देत. मला लालच पाहिजेत. दोन्ही."

अठरा वर्षं जे टाळा म्हणून ती त्याला टोचत होती, ते सगळं तिनं एका झटक्यात करायला लावलं. मग म्हणाली, "द्या इकडे. मी काढते."

अंधारात तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"पिलू, इकडे बघ गं राणी. आजीकडे बघ."

लख्ख.

इतके दिवस अडून राहिलेला उजेड खोलीत पडला. पण तो तिनं पाडलेला होता.

आणि त्या उजेडाच्या क्षणी तिच्या स्वेटरच्या टोकाला खालून कुणीतरी धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं. गर्दीत हरवू नये म्हणून मूल धरतं तसं.

तिनं खाली पाहिलं नाही. दोन पावलं डावीकडे सरकली, पुन्हा फोटो काढला. उजवीकडे सरकली, पुन्हा काढला. उजेडाचा कोन चुकला तर चांगला डोळाही पांढुरका दिसतो, हे तिला ठाऊक होतं. स्वेटरला धरलेला हात तिच्याबरोबर सरकत होता.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं तिन्ही फोटो पाहिले.

उजवा लाल. डावा पांढरा.

उजवा लाल. डावा पांढरा.

उजवा लाल. डावा पांढरा.

"चमक पडली असेल," चकमक हळूच म्हणाला. "उसना बसवून टाका की."

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं म्हणे, की तो त्यानंतर दिवसभर बोलला नाही.

तिनं तिथेच लेकीला फोन लावला.

"पिलूला घेऊन सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात निघालेय. तू तिकडेच ये."

"आई, काय झालं? पडली का? वायर चघळली?"

"डावा डोळा फोटोत पांढरा येतोय."

"अगं मग तू नीट कर ना! काहीतरीच काय! माझ्या फोनमध्ये हजार फोटो आहेत, एकातही तसं काही नाही."

"तुझा फोन स्वतःच डोळे काळे करतो गं. विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं."

"म्हणजे? कुणाला?"

मावशीनं तिला तिथे, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चिऊचं सगळं सांगितलं. स्वेटरचं नाही. टोपीचं नाही. नुसतं अकरा फोटोंचं.

 मग बहीण म्हणाली, "मी येतेय," आणि फोन ठेवला.

गाठ होती.

लहान होती. वेळेत सापडली. डोळा काढावा लागला, पण पिलू राहिली. डॉक्टर म्हणाले, हे तुम्हाला कळलं कसं? इतक्या लवकर कुणी आणत नाही. मावशी म्हणाली, "दिसलं." आणखी एक गोष्ट डॉक्टर म्हणाले, ती मी आवर्जून सांगते: ही गाठ चार-सहा महिन्यांपासून असणार. म्हणजे चिऊ जायच्याही आधीपासून.

सूड नव्हता तो. मग काय होतं, ते मला विचारू नका.

बहीण मावशीशी पाच महिने बोलली नाही. पिलूला आणून सोडायची, घेऊन जायची. मध्ये शब्द नाही. आपली पोर वाचायला दुसरीची पोर जावी लागली, ह्याचं तिला काय करावं कळत नव्हतं, असं मला वाटतं.

मावशी चिऊच्या घरी गेली. दार चिऊच्या आईनं उघडलं. आत भिंतीवर तो मोठा फोटो होता. मावशीनं उभ्या उभ्याच सांगितलं, बसायला सांगायची वाट न बघता.

चिऊची आई ओरडली नाही.

"म्हणजे दिसत होतं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही हात लावला नसता, तर मी बघितलं असतं?"

"हो. पहिल्या नजरेतच दिसलं असतं तुम्हाला."

ती भिंतीशी गेली, फोटो खाली काढला आणि मावशीच्या हातात दिला. "हा माझ्या मुलीचा डोळा नाही. खरा फोटो आणून द्या."

मावशी आठवडाभर शोधत राहिली. जुन्या डिस्क, चकमकीची कपाटं, पुसलेल्या फाइली परत आणणारा एक माणूसही गाठला. काही मिळालं नाही. जो फोटो त्या मंगळवारी स्वतःहून पांढरा उघडला होता, तो आता शंभरदा उघडला तरी काळाच. चिऊचा खरा डोळा कुठेच नाही. मावशीनं त्या आईला तेही जाऊन सांगितलं.

तिनं दार लावून घेतलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

गेल्या महिन्यात पिलू तीन वर्षांची झाली. तिला आता नकली डोळा बसवलाय. फार सुबक काम. रंग, शिरा, सगळं जुळवलेलं. सांगितल्याशिवाय कळत नाही. घरी छोटासा कार्यक्रम होता. बहीण मावशीशी बोलायला लागली होती. संध्याकाळी दिवे मंद करून केक कापताना मी फोटो काढला. जुन्या कॅमेऱ्यानं, फ्लॅश सरळ. माझी चूक.

फोटो पाहिला आणि मी हसले. "पिलू बघ, राक्षसीण झालीस! दोन्ही डोळे लालबुंद!"

बहीणही हसली. "आई, तेवढं लाल काढून टाक गं."

मावशीनं कॅमेरा हातात घेतला. फोटो मोठा केला. खूप मोठा.

ती हसली नाही.

मला लगेच कळलं नाही. रात्री भांडी आवरताना कळलं आणि हातातलं ताट तसंच राहिलं.

नकली डोळा लाल येत नाही. येऊच शकत नाही. त्याला बाहुली नसते, रंगवलेला ठिपका असतो. उजेड आत जात नाही. आत जायला आतच नसतं. मागे रक्त नाही, पडदा नाही, काही नाही.

पिलूचा डावा डोळा त्या फोटोत लाल होता. निरोगी, उघड्या, बघणाऱ्या डोळ्यासारखा लाल.

"काढलंस का गं लाल?" मी मावशीला स्वयंपाकघरात विचारलं.

"नाही."

"का?"

"कुणाचा आहे ते माहीत नसताना हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि ओल्या हातांनी दिवा मालवला.

तो फोटो मी माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवलाय. मी पुसलेला नाही, कुणाला पाठवलेला नाही. कधीकधी उघडते. उघडला की फोन खाली एक चौकट दाखवतो, लाल डोळे सापडले, दुरुस्त करू का?

आधी दोन डोळ्यांवर गोल दाखवायचा.

काल चार दाखवले. दोन पिलूच्या चेहऱ्यावर. दोन तिच्या खुर्चीमागच्या अंधारात, खाली, साधारण तीन वर्षांच्या मुलीच्या उंचीवर.

मी 'नको' दाबलं.